दाखला

नाताळ साऱ्या जगाचा, पण कापणीचा सण आमचा. पन्हाळ्याच्या पायथ्याकडून वारणेकडे उतरत जाणाऱ्या मुलखात आमचं गाव. वरच्या अंगाला माळ, खाली नदीकडची काळी रानं, आणि गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती. वस्तीच्या मधोमध जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो आणि तिथं जमणाऱ्या माणसांना मंडळी. घंटा होती, पण ती मनोऱ्यात नव्हती. लिंबाच्या फांदीला टांगलेली असायची.

भाताची मळणी झाली, की पाळकसाहेब रविवारी उपासनेत सणाची तारीख सांगायचे. त्या दिवशी ज्याच्या रानात, परड्यात जे पहिलं आलं असेल ते घेऊन देवळात यायचं. भाताच्या पेंढ्या, उसाच्या मोळ्या, काशीभोपळे, नव्या गुळाची ढेप, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. ज्याला रान नाही तो घरी वळलेला दोर आणायचा, नाहीतर केरसुणी. सगळं वेदीपुढं मांडलं, की देवळाला गुऱ्हाळाचा आणि ओल्या पेंढ्याचा मिळून एक वास यायचा. एका वर्षी ऐन प्रार्थनेत एक कोंबडा आरवला. पेत्रानं आपल्या गुरूला तीनदा नाकारलं तेव्हाही कोंबडा आरवला होता, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. सगळं देऊळ खुदकन हसलं. पाळकसाहेबांनी डोळे न उघडताच प्रार्थना आवरती घेतली.

उपासना झाली, की अंगणात लिलाव. 'चार आणे एक बार, चार आणे दोन बार.' बाजारात आठ आण्याला मिळणारा भोपळा इथं दोन रुपयांला जायचा. घेणारा तोच भोपळा पुन्हा दान करायचा आणि त्याचा पुन्हा लिलाव व्हायचा. तेवढा एक दिवस वस्तीतला सगळ्यांत गरीब माणूससुद्धा देणारा असायचा.

अशाच एका कापणीच्या सणाला माझी आणि मंडळीची फारकत झाली. पण ते सांगायचं तर आज्जापासून सुरुवात करावी लागेल.

गावात आम्हाला चिडवायला एक बोल ठरलेला होता. 'जोंधळ्यासाठी बाटलेली.' शाळेत गोट्यांवरनं भांडण झालं, तरी शेवटी गाडी तिथंच यायची. एकदा मी रडत घरी आलो. आज्जा सोप्यात घायपाताचा वाख घेऊन दोर वळत बसला होता. मी विचारलं, "आज्जा, आपण जोंधळ्यासाठी बाटलो व्हय?"

"व्हय," आज्जा म्हणाला. हातातला पीळ त्यानं सोडला नाही. "भुकंनं गेल्तो. खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं होतं, तो रागावेल, गावाला शिव्या देईल. त्यानं मला सगळं सांगितलं. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ आलेला प्लेग. आज्जा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. बाप प्लेगात गेला. आई तीन पोरं घेऊन मिशनच्या बंगल्यावर गेली. तिथं दळायचं काम होतं, आणि कामाला धान्य होतं. पुढचे दोन पावसाळे बरे झाले. मग गावाकडनं चुलता आला. म्हणाला, "चल घरला. जातीला जेवान घालू, परत घेत्यात." गावकीच्या कामाचा मांगाचा वाटा होता, सणासुदीला हलगी वाजवायचा हक्क होता. आज्जाची आई आणि धाकटा भाऊ चुलत्याबरोबर परत गेले. बंगल्यावरच्या साहेबानं कुणाला अडवलं नाही. आज्जालाही त्यानं तेच सांगितलं, 'जायचं तर जा पोरा.'

"मग तू का गेला न्हाईस?"

आज्जानं दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "गावात मला 'ए मांगाच्या' म्हनायचे. बंगल्यावर मला माझ्या नावानं हाक मारायचे. आनी शाळंत सगळ्यांच्या वळीत बसवायचे. भुकंनं गेल्तो, पर पोट भरल्यावर ऱ्हायलो. ऱ्हायलो ते माजं."

आणि मग जनावरांच्या दाव्याकडं बोट करून म्हणाला, "दाव्याला बांधल्यालं जनावर आपनहून गोठ्यात ऱ्हातंय का न्हाई, ते दावं सोडल्याबिगर कळत न्हाई."

दहा वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार? पण दोर वळणाऱ्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्याच वर्षी आज्जा गेला.

आज्जा जसा मवाळ, तसे बापू करारी. ते मंडळीचे पंच होते. आम्हा दोघा भावांची नावं शाळेत घातली तेव्हा त्यांनी धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' असं ठासून लिहायला लावलं. मास्तर भला माणूस होता. त्यानं सांगून बघितलं, "हिंदू-मांग लिहू या की. पोरांना पुढं सवलत मिळंल." वस्तीत बहुतेकांनी तसंच लिहिलं होतं. रविवारी बायबलातलं नाव आणि दाखल्यावर गावातलं. बापू म्हणाले, "माझ्या बापानं जे आपणहून घेतलं, ते मी शाईनं पुसू काय?"

त्या शाईची किंमत काय होती, हे नवीन वाचकाला सांगायला हवं. १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यात हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये, असं कलम आहे. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला आणि १९९० साली बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. म्हणजे देवळात जाणारा मांग, कायद्याच्या लेखी, देवळाच्या पायरीवर आपली जात उतरवून ठेवतो. गावात मात्र ती जात कुणी उतरवू देत नाही. चहाच्या दुकानात आमच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला होता. तो उचलताना आम्ही ख्रिस्ती आहोत का हिंदू, हे दुकानदारानं कधी विचारलं नाही. आणि हे सगळं कुठं, तर ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्याच मुलखात.

राज्यघटनेनं धर्म निवडायचं स्वातंत्र्य दिलं आहे, यात शंका नाही. पण निवडायचं स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं असलं, तरी निवडीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. आमच्या घरात ती दादाला पडली.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. १९६४ साली तो अकरावी मॅट्रिक झाला. वस्तीतला तो तिसरा मॅट्रिक. त्यानंतर चार वर्षं तो कोल्हापूरच्या कचेऱ्यांचे जिने चढत-उतरत राहिला. त्याच्याबरोबरचे, त्याच्याहून कमी मार्कांचे, आमच्याच वस्तीतले दोघे चिकटले. त्यांचे दाखले 'बरोबर' होते. चौथ्या वर्षी दादानं कुणाला न विचारता धावपळ केली, कागद जमवले आणि नवा दाखला मिळवला. हिंदू-मांग. दोन महिन्यांत कारकुनाची नोकरी लागली. पहिला पगार त्यानं आईच्या हातात ठेवला. बापूंनी त्या पैशांकडं बघितलं नाही.

पण दादा रविवारी देवळात येत राहिला. शनिवारी संध्याकाळी सायकल मारत कोल्हापूरहून यायचा, पहाटे खंडानं केलेल्या रानात खपायचा आणि घंटा झाली की अंघोळ करून हजर. बापूंच्या दृष्टीनं त्यानं दाखल्यावर ख्रिस्ताला नाकारलं होतं. दादा आईला म्हणाला होता, "कागद सरकारचा हाय. देवानं कवा कागद मागितलाय?"

हे असंच चाललंही असतं. पण त्याच सुमारास देवळामागच्या जागेवरून मंडळीत दोन तट पडले. जागा भाड्यानं द्यायची का नाही, आणि कुणाला, यावर सभेत खडाजंगी झाली. दादा शिकलेला. त्यानं उभं राहून हिशेब मागितला. पुढच्याच महिन्यात पंचांच्या बैठकीत त्याच्या दाखल्याचा विषय निघाला. खोटा धर्म लिहिला, मंडळीला कलंक लावला, पश्चात्ताप करीपर्यंत प्रभुभोजनापासून दूर ठेवावं, असा ठराव आला. सात पंचांपैकी पाच हात वर गेले. त्या पाचांतल्या दोघांच्या पोरांच्या दाखल्यांवर हिंदू-मांगच लिहिलेलं होतं. आणि पाचांतला एक हात बापूंचा होता.

मग कापणीचा सण आला. साल १९६८. मी पंधरा वर्षांचा. येत्या नाताळात साक्ष देऊन मी मंडळीचा पुरा सभासद होणार होतो. त्यासाठी पाळकसाहेब शनिवारी शिकवणी घेत. त्या वर्षी सणालाच प्रभुभोजनही ठेवलं होतं. दादानं पहाटे स्वतः बांधलेली भाताची पेंढी आणली. लोंब्या अशा टपोऱ्या, की बायका हात लावून बघत होत्या. पेंढी वेदीपुढं सगळ्यांत वर ठेवली गेली. दादा शेवटच्या बाकावर बसला. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरत शेवटी आलं, दादापर्यंत आलं आणि त्याच्यावरून पुढं गेलं. त्यानं हात पुढं केलाच नव्हता. तो खाली बघत होता.

लिलावात दादाच्या पेंढीला त्या वर्षीची सगळ्यांत चढी बोली लागली. अकरा रुपये. ते मंडळीच्या वहीत जमा झाले.

भात चाललं, भाऊ चालला नाही. माझ्या डोक्यात तेवढं एकच घोळत राहिलं.

पुढच्या शनिवारी शिकवणीत पाळकसाहेब शिकवत होते, की जगाच्या आरंभापूर्वीच देवानं आपल्या लोकांना निवडून ठेवलं आहे. आमची मंडळी प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेतली. कॅल्विन नावाच्या धर्मसुधारकाची ती शिकवण चार शतकांचा प्रवास करून आमच्या वस्तीत आली होती. मी विचारलं, "साहेब, देवानं दादाला आधीच निवडलं असंल, तर पंच त्याला कसं काढणार? आणि निवडलं नसंल, तर त्यानं पश्चात्ताप कशाचा करायचा?"

"देवाच्या मनात काय आहे ते विचारायचं नसतं."

"मग पंचांच्या मनात काय आहे ते विचारू का?"

पोरं हसली. पाळकसाहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर आलो, तो आलोच. रात्री बापूंना सांगितलं, "मी साक्ष देणार न्हाई. देवळातबी येणार न्हाई." मला वाटलं, आता वादी निघेल. बापूंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडं बघितलं.

"बरं," म्हणाले.

बस, एवढंच. ते 'बरं' मला वीस वर्षं टोचत राहिलं. एका पोराला त्यांनी हात वर करून घालवलं, दुसऱ्याला 'बरं' म्हणून. मला वाटायचं, या माणसाला पोरांची पडलेलीच नाही.

दादानंही कोल्हापुरात घर केलं आणि गावाकडची वाट सोडली. मी मॅट्रिक होऊन साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागलो. माझा दाखला 'ख्रिस्ती'च राहिला. तो बदलून घ्यावा असं मला वाटलं नाही, आणि देवळात जावं असंही वाटलं नाही. म्हणजे कागदावर मी पुरा ख्रिस्ती आणि देवळाबाहेर, तर दादा कागदावर हिंदू आणि रोज रात्री कंदिलाशी बायबल वाचणारा.

गळीत हंगामात काट्यावर रात्रपाळी असली, की दोन गाड्यांच्या मध्ये मोकळा वेळ मिळायचा. वाचनालयातलं काहीबाही वाचत बसायचो. देऊळ सोडलं होतं, पण तो विषय सुटला नव्हता. जे हाताला लागेल ते वाचत गेलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. देवावर विश्वास आणि मंडळीशी भांडण, हे दुखणं आमच्या वस्तीत सुरू झालेलं नव्हतं.

कोल्हापुरात १८५२ साली पहिलं मिशन काढणारे रॉयल वायल्डर हे अमेरिकन. त्यांच्या नावाचं देऊळ आजही शहरात आहे. लहानपणी नाताळात ते बघायला आम्ही जायचो, तेव्हा हे माहीत नव्हतं, की या वायल्डरांचंच त्यांच्या मिशनच्या वरिष्ठांशी बिनसलं होतं. त्यांना शाळा काढायच्या होत्या, वरिष्ठांना शाळांवरचा भर पसंत नव्हता. ते अमेरिकेला गेले असताना मंडळानं त्यांना परत पाठवायचं नाकारलं. तरी १८६१ साली ते आपल्या हिमतीवर कोल्हापूरला परत आले आणि नऊ-दहा वर्षं स्वतंत्रपणे काम करत राहिले. १८७० साली ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. म्हणजे आमच्या मंडळीच्या मुळाशीच एक मंडळीबाहेर काढलेला माणूस होता.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. लगेच तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे पत्रातून खटके उडू लागले. ख्रिस्त मला मान्य आहे, पण काय मानायचं हे दुसऱ्या कुणी मला ठरवून देऊ नये, हा त्यांचा आग्रह. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जायला त्या तयार नव्हत्या. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागून गेल्या नाहीत. पाच वर्षं त्यांनी स्वतःच्या मनाशी झगडा केला आणि १९०० साली, मन वळल्यावर, बाप्तिस्मा घेतला. नवरा झाला म्हणून आला, असं झालं नाही. आणि खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार मागं पडला.

हे वाचून मंडळीवरचा राग गेला असं नाही. पण माझं दुखणं एकट्याचं नाही, एवढा धीर आला. गोठ्याला नावं ठेवणारी ही सगळी माणसं दावं सोडल्यावरही धन्याजवळ राहिलेली होती.

एका रात्री काट्यावर गाड्यांची रांग लागली होती. एक गाडी आली, तिच्यावर गाडीवान गाढ झोपलेला. बैल आपोआप रस्ता काढत, रांगेत उभे राहत, काट्यापर्यंत आले होते. मला पाळकसाहेबांची शिकवणी आठवली. आधीच ठरलेल्या वाटेनं चालणारे बैल आपण आहोत काय? बैल चुकत नाहीत, हे खरं. पण बैल कारखान्यावर आले म्हणून त्यांना कारखाना आवडतो, असं कुणी म्हणत नाही.

त्या रात्री टेबलाच्या खणातलं, आईनं दिलेलं बायबल मी पुष्कळ वर्षांनी उघडलं. लूकच्या पुस्तकातला पंधरावा अध्याय. आमच्या बायबलात येशूनं सांगितलेल्या गोष्टींना दाखले म्हणतात. इथं एकापाठोपाठ तीन दाखले आहेत. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि बाप जिता असताना वाटणी मागून घर सोडणारा धाकटा मुलगा. लहानपणी शंभर वेळा ऐकलेले. पण त्या रात्री एक गोष्ट नव्यानं दिसली. मेंढरू हुडकायला मेंढपाळ रानोमाळ फिरतो. नाण्यासाठी बाई दिवा लावून घर झाडते. पोरगा हरवतो, तेव्हा मात्र बाप हुडकायला जात नाही. गडी पाठवत नाही, निरोप धाडत नाही. वाटणी देतो आणि वाटेकडं डोळे लावून बसतो.

का जात नाही? आमच्या गावात एखादा पोरगा असा गेला असता, तर बापानं दहा माणसं घेऊन एसटी स्टँडावर धरला असता. माझ्या मनानं असं घेतलं, की मेंढरू खांद्यावर टाकून आणता येतं. नाणं उचलून कनवटीला लावता येतं. पोराला आणून उपयोग नसतो, त्याला यावं लागतं. ओढून आणलेला पोरगा अंगणात उभा राहिला, तरी घरात आलेला नसतो. देवानं माणसाला स्वतंत्र इच्छा दिली, म्हणजे काय दिलं? मला वाटतं, दार दिलं. आणि दार बाहेरून बंद करायचं नाही, हे स्वतःवर बंधन घालून घेतलं. बापाला त्यात किती त्रास होत असेल, ते त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं. आणि मग अचानक बापूंचं ते 'बरं' आठवलं.

१९८९ च्या दिवाळीत मी गावी गेलो. बापू चौऱ्याहत्तरचे झाले होते. दृष्टी अधू झाली होती. सोप्यात, आज्जा बसायचा त्याच जागी बसलेले. मी विचारलं, "बापू, मी देऊळ सोडलं तवा तुम्ही मला अडवलं का न्हाई?"

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुज्या आज्जाला साहेबानं अडवलं न्हवतं. म्हनून तर त्यो ऱ्हायला. मी तुला दावं लावून बसवलं असतं, तर तू माजा ऱ्हायला असतास. देवाचा न्हवं."

"आणि दादाला?"

आता ते जास्तच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, विषय काढायला नको होता. बाहेर पोरं फटाके उडवत होती.

"तितं मी चुकलो," बापू म्हणाले. "हात वर केला न्हाई तर लोक म्हनतील, पंच हाय आनी पोराला पाठीशी घालतोय. ह्या भ्यानं केला. लई वर्सं मी मनाला सांगितलं, मंडळीचा निर्णय हुता, देवाचीच तशी मर्जी हुती. खोटं हाय ते. कुनी माजा हात धरून वर केला न्हवता. मीच केला."

बापूंना मी आयुष्यात पहिल्यांदा असं बोलताना ऐकलं. स्वातंत्र्य म्हटलं, की आपण हक्काचं बोलतो. मला जे हवं ते मी मानीन, मला जिथं जायचं तिथं मी जाईन. पण त्याचं दुसरं टोक बापूंनी हातात धरलेलं होतं. माझा हात वर गेला, तो माझा होता. ते ओझं देवावर टाकायचं नाही, मंडळीवर टाकायचं नाही, नशिबावरही टाकायचं नाही. मंडळी, मंडळी म्हणून मी वीस वर्षं जिच्यावर रागावलो होतो, ती म्हणजे अशीच भ्यालेली पाच माणसं होती. आणि मला साऱ्यांत मोठा दगा ज्यानं दिला असं वाटत होतं, तोच माणूस आता सगळ्यांत खरं बोलत होता.

आठवड्यानं मी त्यांना एसटीनं कोल्हापूरला दादाकडं घेऊन गेलो. दादाच्या घरापुढं दोन पायऱ्या होत्या. बापू वर चढले नाहीत. पायरीवरच बसले. दादा आतनं बाहेर आला. "बापू, आत या की."

"आधी बोलतो, मग येतो," बापू म्हणाले. "त्या वक्ताला मी हात वर केला, ते चुकलं माजं."

दादा काही बोलला नाही. शेजारी पायरीवर येऊन बसला. वहिनीनं आतनं दोनदा चहा झाल्याचं सांगितलं. पुष्कळ वेळानं दादा उठला आणि बापूंच्या काखेत हात घालून त्यांना आत घेऊन गेला.

एवढं झालं म्हणून दादा परत गावच्या देवळात आला नाही. बापू त्याला 'ये' म्हणाले नाहीत आणि तो आला नाही. बापू १९९१ साली गेले. मातीला मंडळी आली होती, त्या पाचांतले जे जिते होते तेही आले होते. दादा खड्ड्याशी उभा राहून सगळ्यांबरोबर गीत म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला.

मी मात्र आता कापणीच्या सणाला जातो. नोकरीतून सुटल्यावर थोडं भात करतो. पहिली पेंढी घेऊन जातो, शेवटच्या बाकावर बसतो. सभासद अजूनही झालेलो नाही. देवळामागच्या जागेचा वाद मिटलेला नाही, फक्त भांडणारे बदलले. नव्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "काका, तुम्ही आमच्यात आहात का बाहेर?" मी म्हटलं, "साहेब, त्या दाखल्यात थोरला मुलगा आहे की. घरात वाजंत्री चाललीय आणि तो अंगणात रुसून उभा. धाकट्याला हुडकायला न गेलेला बाप त्याच्यासाठी मात्र बाहेर येतो, विनवण्या करतो. पण तो आत गेला का नाही, ते पुस्तकात लिहिलेलं नाही." पाळकसाहेब हसले. पुढच्या सणाला त्यांनी माझ्यासाठी पहिल्या बाकावर जागा ठेवली होती. मी शेवटच्याच बाकावर बसलो.

परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. नातीचं नाव शाळेत घालायचं होतं. म्हणाला, "बाबा, धर्माच्या रकान्यात काय लिहू?"

माझ्या डोळ्यांपुढून आज्जाचा दोर, बापूंची शाई, दादाचा नवा दाखला असं सगळं सरकून गेलं. प्रत्येकानं आपापल्या रकान्यात आपापलं लिहिलं होतं, आणि प्रत्येकानं त्याची किंमत दिली होती. तोंडाशी उत्तर आलंही होतं.

"तुम्ही दोघं विचार करून लिहा," मी म्हटलं. "मी सांगतोय म्हणून नको."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं."

काय लिहिलं, ते मी अजून विचारलेलं नाही.